नूरभाऊ वीव्हिंगची शेवटची सभा

भिवंडी,
१२ सप्टेंबर २०२५

भाऊंना बिल्किसचा सलाम.

फोनच केला असता, पण मागच्या वेळी मी विचारलं "तब्येत कशी आहे" आणि तुम्ही उत्तर दिलंत, "चाळीस रुपये किलो, पण आंबट." मग सुचेताने तुमच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, भाभी, बाबांना आता लिहूनच कळवत जा. तेवीस वर्षं लूमच्या खडखडाटात बसून वह्या लिहिल्यात, कान शाबूत राहणार कसे? तेव्हा हे पत्र. माझं अक्षर महाडच्या मराठी शाळेतलं आहे, सातवीनंतर त्यात काही सुधारणा झालेली नाही. चालवून घ्या.

बातमी अशी की हजच्या सोडतीत माझा नंबर लागला. एप्रिलच्या शेवटी विमान आहे, एजाज सोबत येतोय. दापोड्याचा त्याचा ट्रान्सपोर्टचा धंदा महिनाभर भागीदार बघेल.

आता काम सांगते. आमच्यात हजला निघायच्या आधी माणूस मागचं सगळं मिटवून निघतो. कुणाचं काही राहिलं असेल ते द्यायचं, कुणाला दुखावलं असेल तर त्याच्या दारात जाऊन "कहा-सुना माफ करना" म्हणायचं आणि त्याच्या तोंडून "माफ" ऐकूनच परतायचं. मागे काही लोंबकळत ठेवून गेलं तर तिथे मन लागत नाही. माझ्यामागे एकच गोष्ट लोंबकळतेय, ती म्हणजे तुमची आणि एजाजच्या अब्बांची कंपनी. लूम २०१९ मध्ये भंगारात गेले, हे २०२२ मध्ये गेले, आणि पाटी अजून शेडच्या दारावर तशीच. नूरभाऊ वीव्हिंग प्रायव्हेट लिमिटेड. भाजी घेऊन येताना रोज वर बघते.

धामणकर नाक्यावर प्रितेश नावाचे एक कंपनी सेक्रेटरी बसतात. ते म्हणाले, लूम थांबले म्हणून कंपनी मरत नाही. रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा, संचालकांनी शपथेवर लिहून द्यायचं, मग सरकार तिचं नाव आपल्या यादीतून काढतं. त्यासाठी जुन्या वह्या, सभांचं मिनिट बुक आणि संगणकावर सही करायचं ते डोंगल हवं. सगळं तुमच्याकडे. पाठवाल ना? हे मिटल्याशिवाय मी विमानात बसणार नाही, हे एजाजला सांगून ठेवलंय.

तुमची भाभी,
बिल्किस

*

नाशिक,
२४ सप्टेंबर २०२५

बिल्किसभाभी यांस सप्रेम नमस्कार.

नंबर लागल्याचं वाचून फार आनंद झाला. नूरभाईंनी तीनदा अर्ज भरला होता. तिन्ही वेळा फॉर्म मी लिहिला, एकदाही नंबर लागला नाही. "भाऊ, तुझ्या हाताला बरकत नाही," असं म्हणायचे. या वेळी फॉर्म दुसऱ्या कुणी लिहिला हे बरंच झालं. गुडघ्याचा पट्टा आत्तापासून वापरायला लागा, असा सुचेताचा निरोप आहे.

वह्या ट्रंकेत आहेत. पितृपक्षात ट्रंक उघडायची नव्हती. आता घट बसले आहेत. मग दसरा, मग दिवाळी. त्यानंतर सवडीने पाहतो.

पण भाभी, बंद करायलाच हवी का? कंपनी काही खात नाही, पीत नाही. ते नाव मिळवताना आमच्या नाकी नऊ आले होते. १९९६ साली आम्ही पाठवलेली दोन नावं सरकारने परत केली, तशी आधीच कुणाची तरी होती. आम्ही शेडमध्ये बसलो होतो. लूम चालू असताना तिथे बोलण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून आमचा सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चालायचा, हे तुम्हाला ठाऊक आहे. सुताच्या कोनाच्या पुठ्ठ्यावर नाहीतर बिलाच्या पाठीवर लिहायचं, खिळ्याला टोचायचं, दुसऱ्याने वाचून खाली उत्तर लिहायचं. मी लिहिलं, "आता काय?" त्यांनी खाली लिहिलं, "दोघांची नावं चिकटव. असं नाव कुणाच्या बापाला सुचणार नाही." ते लगेच मंजूर झालं.

प्रितेश यांना सांगावं की मी सर्व नियमाने ठेवलं आहे. त्यांनी संगणकात फार डोकावत बसू नये. जुन्या नोंदींत गोंधळ असतात.

आपला,
भाऊ

*

भिवंडी,
२७ ऑक्टोबर २०२५

भाऊ, सलाम.

दिवाळीचा फराळ सुचेताने पाठवला, पोहोचला. चकल्या एजाजने गाडीतच संपवल्या. वह्या मात्र आल्या नाहीत. पितृपक्ष, घट, दसरा, दिवाळी झाली, आता तुळशीच्या लग्नाचं कारण देऊ नका. माणूस इतका टाळतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतं, असं हे तुमच्याबद्दलच म्हणायचे.

तर प्रितेशनी डोकावलं. कंपनीचे संचालक कोण, हे म्हणे कुणालाही दिसतं. मला खुर्चीवर बसवून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन नावं होती. भालचंद्र गुप्ते, म्हणजे तुम्ही. आणि खाली नूर मोहम्मद खतीब. मी चष्मा काढून पुसला, परत लावला. तरी होतंच. तीन वर्षांनी ते नाव असं जिवंत माणसांच्या यादीत बघून मी टेबलाचा कोपरा धरून बसले. प्रितेश बिचारे पाणी आणायला उठले.

चूक आमचीच आहे. ते गेल्यावर मी इद्दतीत घराबाहेर पडत नव्हते, एजाज धावपळीत, त्यांचा दाखला तुम्हाला पाठवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दाखला नसताना तुम्ही तरी नाव कसं कमी करणार? सोबत प्रत पाठवते आहे. मनात ठेवू नका.

एक गंमत मात्र सांगते. २०२२ आणि २०२३ चे कागद यांच्या सहीने भरले गेलेत. ते गेले जुलैत, आणि सही त्या वर्षीच्या ऑक्टोबरातली, मग पुढच्या ऑक्टोबरातली. प्रितेशनी तारखा परत तपासल्या, मला मात्र हसू आलं. म्हटलं, घरात लाइट बिल भरायला कधी उठले नाहीत आणि वरून कंपनीचे कागद भरतात? संगणकाचा घोटाळा असणार. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, म्हणजे प्रितेश पुढचं बघतील. सहा महिने राहिलेत, भाऊ.

बिल्किस

*

नाशिक,
५ नोव्हेंबर २०२५

बिल्किसभाभी,

संगणकाचा घोटाळा नाही. ती सही मी लावली.

हे वाक्य चार कागद फाडून लिहिलं आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं. आता कसं झालं ते सांगतो.

नूरभाई गेले त्या दिवशी सुचेता गाडी चालवत होती. पडघ्याच्या पुढे खड्डे आणि ट्रक, गाडी हलेना. मी धामणकर नाक्याला उतरून गल्लीत शिरलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत येत होती. त्यांच्या हातांना माती होती. तुम्ही मला म्हणालात, "आम्ही फार थांबलो हो भाऊ, पण जमातीची माणसं ऐकेनात." मी म्हटलं, बरोबर आहे. मग शेडमध्ये जाऊन बसलो. खिळ्याला हात लावून पाहिला. चेहरा मी पाहिला नव्हता, त्यामुळे माणूस गेला हे डोक्याला कळलं, पण हाताला कळेना.

सप्टेंबरात वार्षिक सभेची तारीख आली. दर वर्षी ती सभा आम्ही दोघे घेत होतो, लूम गेल्यावरही. मिनिट बुक उघडलं. हजर म्हणून माझं नाव लिहिलं. पुढे त्यांच्या नावासमोर "मयत" लिहायचं होतं. पेन तीनदा टेकवलं. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी काढली. सगळ्या जपून ठेवल्या आहेत मी. जो विषय होता त्याला लागू पडेल अशी एकेक चिठ्ठी शोधली आणि त्यांचं मत म्हणून डिंकाने चिकटवली. एवढी वर्षं ते माझ्याशी कागदावरच तर बोलत होते. मला वाटलं, सभा झाली.

सभा झाली म्हणजे कागद भरणं आलं. त्यांचं डोंगल माझ्याच डब्यात होतं, ओटीपी शेडच्या जुन्या मोबाइलवर यायचा, तो मोबाइलही माझ्याकडे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं. २०२४ मध्ये डोंगलची मुदत संपली. नवं काढायला माणसाने कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःचं नाव सांगावं लागतं. तिथे चिठ्ठी चिकटवता येईना. तेव्हापासून कागद भरलेले नाहीत, आणि मला नीट झोपही नाही.

चाळीस वर्षं लोकांच्या वह्या लिहिल्या भाभी, एक ओळ खोटी लिहिली नाही. आणि शेवटी हे. गुन्हा आहे, मला माहीत आहे. माझ्यापायी तुमचं हजला जाणं अडायला नको. मिनिट बुक, नोंदवह्या, दोन्ही डोंगलं या पार्सलात आहेत. प्रितेश यांना सगळं खरं सांगा. एजाजने पोलिसांत दिलं तरी मी वाईट वाटून घेणार नाही. सुचेताला अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझं मला सांगू द्या.

भाऊ

*

भिवंडी,
१४ डिसेंबर २०२५

भाऊ, सलाम.

पाच आठवडे लागले उत्तराला. तुम्ही काय काय कल्पना केल्या असतील ते मला माहीत आहे, म्हणून आधी तेच सांगते. पोलिसांत कुणी जाणार नाही.

एजाज भडकला होता, खोटं कशाला सांगू. "अम्मी, ये तो सीधा फ्रॉड हय. भाऊकाका असले म्हणून काय झालं? उद्या नोटीस आली असती तर अब्बांच्या नावावर आली असती." दोन दिवस माझ्यासोबत जेवला नाही. प्रितेश म्हणाले, वाट आहे. आधी मृत्यूची नोंद करायची, मग वारस म्हणून माझं नाव संचालकांत घ्यायचं, राहिलेले कागद भरायचे, आणि त्या दोन वर्षांबद्दल तुम्ही स्वतःहून रजिस्ट्रारला लिहून द्यायचं की असं असं मी केलं. दंड होईल. तो भरला की बंद करायचा अर्ज. मला दुसरी वाटही एकाने सुचवली होती, दाखल्यावरची मृत्यूची तारीख पुढे ढकलायची वगैरे. मी म्हटलं, मी हजला जायला निघालेय, चोरीला नाही.

मिनिट बुक मी दुपारी एकटी असताना उघडलं. तुमचं सुबक अक्षर, आणि मध्येच त्यांचा तिरका हात. "विषय पहिला, ताळेबंद वाचून दाखवला. श्री. नूर मोहम्मद यांचे मत." आणि खाली पिवळा पुठ्ठा, "तू लिहिलंय ना? मग बरोबर असेल." "विषय दुसरा, यंदा कंपनीने कोणताही व्यवसाय केला नाही. मत." "लाइट गेली. सगळ्यांना घरी पाठवलं. तू पण जा." "विषय तिसरा, पुढील सभेची तारीख ठरवणे. मत." "पहले चाय."

मी इतकी हसले की खालची शेजारीण वर आली. ती आली तेव्हा मी रडत होते. माझ्याकडे त्यांचं एक अक्षर नाही, भाऊ. घरात कशाला चिठ्ठ्या लिहितील? घरी आले की त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. सगळं शेडमध्ये, तुमच्या खिळ्याला.

आणि आता मला तुम्हाला जे सांगायचंय ते मी सप्टेंबरातच सांगायला हवं होतं. कंपनी लोंबकळतेय असं लिहिलं, ते खरंच होतं, पण त्याच्या आडून मी ही दुसरी गोष्ट लपवली. तुम्ही खरं लिहिलंत, आता मला गप्प बसता येत नाही.

त्या दिवशी पडघ्यावरून सुचेताचा फोन आला होता. तो मी घेतला. ती म्हणाली, "भाभी, वीस मिनिटं, जास्तीत जास्त अर्धा तास. बाबांना बघू द्या." मी म्हटलं, थांबतो. फोन ठेवला आणि बाहेर जाऊन सांगितलं, कुणी यायचं राहिलेलं नाही, उचला. जमातीची माणसं थांबायला तयार होती. एजाज दोनदा म्हणाला, भाऊकाका? मीच नाही म्हटलं.

का, ते लिहिते. जुम्म्याची नमाज, गर्दी, पाऊस ही सगळी नंतर शोधलेली कारणं आहेत. मला त्या क्षणी वाटलं, हा माणूस आयुष्यभर तुमचा होता. सकाळी सातला गेला की रात्री नऊला यायचा, आणि आला की कान बधिर, डोळे मिटलेले. हा शेवटचा अर्धा तास तरी मी तुमच्याबरोबर वाटून घेणार नाही. असं वाटलं आणि मी तसं केलं. पाठोपाठ तुम्ही आलात, शर्ट भिजलेला, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही "बरोबर आहे" म्हणालात. ते "बरोबर आहे" मला तीन वर्षं टोचतंय.

तुम्ही मेलेल्या माणसाला हजर लिहिलंत म्हणून गुन्हेगार झालात. तुम्हाला तसं करायला लावणारी मी. कंपनीचे कागद होतील. पण तुमच्या तोंडून "माफ" ऐकल्याशिवाय मी जाणार नाही, आणि नाही म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे.

बिल्किस

*

नाशिक,
२८ डिसेंबर २०२५

बिल्किसभाभी,

पत्र पोहोचलं. राग आला. अजून आहे.

सुचेताला मी तीन वर्षं मनातल्या मनात बोल लावला की तिने वेळेवर फोन केला नाही. काल तिला विचारलं. ती म्हणाली, "केला होता बाबा, तुमच्या शेजारी बसून केला." मला ऐकू आलं नव्हतं.

रजिस्ट्रारला द्यायचं निवेदन लिहून ठेवलं आहे. दंड माझा मी भरेन. प्रितेश सांगतील त्या दिवशी येऊन सह्या करीन. तुमचं जाणं माझ्या सहीसाठी अडणार नाही. दुसऱ्या गोष्टीचं मला आज लिहिता येत नाही.

भाऊ

*

भिवंडी,
१५ एप्रिल २०२६

भाऊ, सलाम.

जानेवारीत तुम्ही येऊन गेलात त्याला तीन महिने होत आले. त्यानंतर पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते कळत नव्हतं. आज कारण आहे. कंपनी बंद झाली. काल प्रितेशनी आदेशाचा कागद आणून दिला. नूरभाऊ वीव्हिंग प्रायव्हेट लिमिटेडचं नाव यादीतून काढलं आहे, तारीख, शिक्का, सगळं. तुमची प्रत सोबत.

तुम्ही आलात तो दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते. प्रितेशच्या टेबलाशी आपण दोघं शेजारी बसलो, आणि त्यांनी ते प्रतिज्ञापत्र वाचलं, कंपनीचं कुणाकडे काही येणं नाही, कुणाला काही देणं नाही, कोणताही वाद शिल्लक नाही. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ते मोठ्याने वाचत होते, अर्धा नाका ऐकत होता. "कोणताही वाद" म्हटल्यावर मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही चष्मा पुसत होतात. मग सही केलीत, नेहमीसारखी, शेवटी टिंब देऊन.

तुम्हाला कब्रस्तानात नेताना एजाज फुगलेलाच होता. परत आला तो वेगळाच. "अम्मी, भाऊकाका कबरीपाशी गेले. नुसते उभे राहिले. मग खिशातून पेन काढलं, झाकण उघडलं, परत बंद केलं आणि चला म्हणाले." एवढं सांगून तो मोरीत जाऊन तोंड धुवत बसला. तेव्हापासून तुमच्याबद्दल "फ्रॉड" हा शब्द घरात निघालेला नाही.

आज सकाळीच पाटी उतरवली. पूर्ण्याहून लूमवरच्या आपल्या सावळारामला बोलावलं होतं, तिथल्या गोदामात तो आता वॉचमनची ड्युटी करतो. शिडीवर चढून खिळे काढता काढता म्हणाला, "शेठ न्हाय, लूम न्हाय, आन् पाटी हाय. आवरा एकदाची." उतरल्यावर मात्र पाटी खाली ठेवेना, शर्टाने पुसत बसला. पाटी आमच्या गॅलरीत ठेवलीय. तुम्हाला हवी तर घेऊन जा.

मध्ये महिनाभर सरकारची नोटीस लागली होती. ही कंपनी बंद होत आहे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. ते तीस दिवस मी रोज पोस्टमनची वाट बघत होते. कंपनीला हरकत कोण घेणार? मी तुमच्या पत्राची वाट बघत होते.

चोवीस तारखेचं विमान आहे. बॅग भरली, लशीच्या सुया टोचून झाल्या, पट्टा लावते आहे. गल्लीतल्या सगळ्या घरी जाऊन आले, सगळ्यांनी माफ म्हटलं, जिच्याशी मी वीस वर्षं नळावरून भांडले तिने तर मिठी मारली. फक्त नाशिकचं दार राहिलंय. पहिल्या पत्रात मी हट्ट केला होता की मिटल्याशिवाय बसणार नाही. तो हट्ट मी आता सोडते. माफी अशी कुणाला तारखेला बांधून मागता येत नाही, हे एवढ्या दिवसांत कळलं. तुम्ही काही लिहिलं नाहीत तरी मी जाईन, आणि तिथे तुमच्यासाठी दुआ मागेन. त्यात मात्र तुम्हाला हरकत घेता येणार नाही.

बिल्किस

*

नाशिक,
१९ एप्रिल २०२६

बिल्किसभाभी यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र सुचेता स्वतः घेऊन येते आहे. टपालावर माझा भरवसा नाही आणि तुमच्या विमानाला पाचच दिवस आहेत. तिच्याबरोबर थोडे लाडू आहेत, तिथे चालत असतील तर न्या, नाहीतर एजाज गाडीत संपवेल. पाटी तुमच्याकडेच असू द्या. सावळारामला पुसायला ती जवळ पडेल.

राग किती दिवस टिकतो हे मी पाहत होतो. कब्रस्तानात तो होता. परतीच्या रस्त्यावर पडघ्याला पुन्हा गाडी अडली, तेव्हाही होता. मग घरी आल्यावर चिठ्ठ्यांची पिशवी आवरायला घेतली. तुमच्याकडे त्यांचं एक अक्षर नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचल्यापासून पिशवी उघडायची मला भीती वाटत होती. तुमच्या घरातला माणूस मी शेडमध्ये वापरून संपवला आणि उरलेला पिशवीत बांधून नाशिकला आणला, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तुमच्या अर्ध्या तासापेक्षा माझी वर्षं जास्त झाली. पिशवी सुचेताकडे दिली आहे. सगळ्या चिठ्ठ्या तुमच्या. "माफ" म्हणायची पाळी खरं तर तुमची आहे.

एकच चिठ्ठी वेगळी काढून मिनिट बुकाच्या शेवटच्या पानावर लावली आहे. ती १९९९ ची आहे. पूर्ण्याला एका कारागिराच्या मुलीच्या लग्नाला आम्ही दोघांनी एकत्र जायचं ठरलं होतं. मी कल्याणला कागद भरायला गेलो आणि अडकलो. शेडवर आलो तर लूम बंद, कुणी नाही, आणि खिळ्याला ही चिठ्ठी. पिशवीच्या तळाशी होती. मी विसरूनही गेलो होतो.

कंपनीच उरली नाही तर सभा कसली, असं प्रितेश म्हणतील. त्यांना दाखवू नका. पण वही अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून शेवटचं इतिवृत्त लिहिलं आहे. वाचा, पटलं तर माझ्या सहीखाली तुमची सही करा आणि वही तुमच्याकडेच ठेवा.

"नूरभाऊ वीव्हिंग प्रायव्हेट लिमिटेड. शेवटची सभा. दिनांक १९ एप्रिल २०२६.

हजर: भालचंद्र गुप्ते. पत्राद्वारे हजर: श्रीमती बिल्किस नूर मोहम्मद खतीब.

गैरहजर: श्री. नूर मोहम्मद खतीब, मयत, दिनांक २२ जुलै २०२२. त्यांची रजा मंजूर करण्यात आली.

विषय पहिला: कंपनी बंद झाल्याची नोंद घेतली.

विषय दुसरा: श्रीमती बिल्किस यांनी त्या दिवशी वाट पाहिली नाही, आणि भालचंद्र गुप्ते यांनी त्याआधी तेवीस वर्षं त्यांच्या घरचा माणूस वेळेवर घरी सोडला नाही. दोघांनी एकमेकांना माफ करावे असे ठरले. हरकत कोणाचीही नाही.

विषय तिसरा: भालचंद्र गुप्ते यांना पोहोचायला उशीर झाला, याबाबत श्री. नूर मोहम्मद यांचे मत जुन्या चिठ्ठीवरून नोंदवून घेतले. ते असे:

लय वाट बघितली. मी पुढे निघतो. तू सावकाश ये, घाई नको."

आपला,
भाऊ